शलमोनाचं सोनं आणि धुण्याचं पाणी

उभा जन्म एकाच अंगणात काढूनही धाकट्या दिराला वहिनी फारशी कळली नाही. तिला चहा कडक लागतो आणि खोटं खपत नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं.

ती सोन्याच्या खाणीच्या धुलाईघरात कामाला होती. पाळी सुटली की माणसांचे कपडे तिथेच उतरवून घेत. धुतलेलं पाणीही फेकत नसत. ते टाकीत निवळत ठेवत आणि तळाचा गाळ कंपनी परत नेई, कारण त्यात सोन्याची धूळ. नवरा दरडीखाली गेला तेव्हा त्याचे कपडेही आधी धुलाईघरात आले. ते तिनेच धुतले.

रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचा, हा एकच मान तिच्या वाट्याला आला होता. आवाज खणखणीत. दीर मागे घंटेच्या दोरीपाशी बसून ऐके.

त्या रविवारी शलमोन राजाच्या वैभवाचा अध्याय होता. वर्षाला सहाशे सहासष्ट किक्कार, म्हणजे वीस टनांवर सोनं, सोन्याच्या ढाली, सोन्याने मढवलेलं सिंहासन, चांदीला तर धोंड्याची किंमत. वहिनी मध्येच थांबली. "हे मला खरं वाटत नाही," म्हणाली आणि पुस्तक मिटून जागेवर जाऊन बसली.

चर्चच्या पाळकांनी दिराला गाठलं. "पुढच्या रविवारी जीभ घसरली एवढं म्हणू दे तिला. नाहीतर वाचन बंद."

दीर निरोप घेऊन गेला. वहिनी दारात भाजी निवडत होती.

"पाळक म्हणतात, तो आकडा महिमा दाखवायला आहे."

"मग महिमा म्हणा की. वजन कशाला सांगता? डोंगर पोखरला तरी मूठभर निघत नाही, भाऊजी. आणि त्या एवढ्याशा राज्यात दरसाल गाडे भरून येत होतं? बरं, आलं म्हणू. मग त्या शलमोनाच्या पोराच्या राज्यात ढाली पितळेच्या कशा झाल्या?"

"शत्रूने सगळं लुटून नेलं, असं पुढे लिहिलंय."

"म्हणजे नेणाऱ्याची सोय झाली, लिहिणाऱ्याचीही झाली."

दिराला हसू फुटलं.

"हसू नका. ढालीढालीचं वजन लिहून ठेवलंय. खणायला कोण उतरलं, वर कोण आलंच नाही, त्याची एक ओळ नाही. तुमच्या भावाच्या कपड्यांचं पाणी मी टाकीत ओतलंय. मला कुणी सोन्याच्या गप्पा सांगू नयेत."

"वाचन जाईल, वहिनी."

"जाऊ दे." पण तिचे हात भाजीवरच थबकले.

तुमचा आवाज ऐकायलाच मी येतो, हे दिराच्या ओठांवर आलं होतं. एवढं लांब वाक्य तो कधी बोलला नव्हता. तो फाटकाकडे वळला.

पुढचा रविवार वहिनीने पाहिला नाही. शवपेटीपुढे पाळक म्हणाले, "शेवटी आपल्या भगिनीला चूक उमगली होती." दिराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "नव्हती उमगली. निरोप मीच नेला होता." सगळ्यांनी माना वळवल्या. तो उभाच राहिला.

निरोप सांगून तो निघाला, त्या दिवशी वहिनीने मागून हाक मारली होती.

"भाऊजी, फाटक लोटून घ्या. धूळ येते."

"घेतो, वहिनी."