नानांच्या निरोपाची अवतरणचिन्हं

आता काय सांगू, माझी अक्कल किती ते चहा संपायच्या आत कळेल तुम्हाला!

माझे सासरे, नाना, नरडाण्याच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त होत होते. आणि जावई कोण? पिंप्राळ्यात कॉम्प्युटर क्लास चालवणारा, स्वतःला भयंकर हुशार समजणारा मी! समारंभाच्या हॉलमधला लाल अक्षरांचा पळता बोर्ड चालवायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं.

बोर्डाच्या प्रोग्रामला कमांडमधूनच मजकूर द्यायचा. मी ओळ रचली:

नाना म्हणजे "त्रास न देणारा माणूस"

अवतरणचिन्हांशिवाय वजन येतं का हो? घरच्या नव्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिली. एकदम चोख!

हॉलमधला कॉम्प्युटर मात्र जुन्या जमान्यातला. मी एंटर मारलं. बोर्ड माझ्या डोक्यावर, त्यामुळे मला दिसत होती फक्त लोकांची तोंडं. आधी भुवया वर गेल्या. मग असा हशा, की पत्रे हादरले!

कारखान्याचे मॅनेजरसाहेब लगबगीनं आले. "हे तुम्ही लिहिलंत?"

"अगदी मनापासून!" मी हात जोडले. "घरात सगळ्यांचं हेच मत आहे."

तेवढ्यात सासूबाई पदरात तोंड लपवून अहिराणीत म्हणाल्या, "हाई तं खरंच शे!" म्हणजे, हे तर खरंच आहे!

मी मान वर केली. बोर्डावर पळत होतं: नाना म्हणजे त्रास.

एवढंच! कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या त्या जुन्या आवृत्तीनं माझी अवतरणचिन्हं वाटेतच गिळली, ओळीचे तुकडे केले आणि बोर्डानं पहिला तुकडा तेवढा उचलला. मी लगेच मित्राला फोन लावला.

"अरे, प्रत्येक अवतरणचिन्हाआधी उलटी तिरपी रेघ दे!" तो ओरडला.

दिली. ओळ पूर्ण आली! मी छाती काढून बायकोकडे, वैशालीकडे पाहिलं. तिनं कपाळाला हात लावलेला.

पण हुशारी थांबते का? तीच दुरुस्त ओळ मी धावत जाऊन गेटवरच्या तशाच दुसऱ्या बोर्डालाही दिली आणि वर न बघताच हॉलमध्ये परतलो. मागोमाग वॉचमन आला. "साहेब, गेटवर नानांच्या नावापुढे काड्या पडल्यात!"

तिथला कॉम्प्युटर नवा. त्याला रेघांची गरजच नव्हती, म्हणून त्यानं त्या इमानदारीनं जशाच्या तशा दाखवल्या!

मॅनेजर म्हणाले, "जावईबापू, नानांवर काही राग आहे का?"

"नाही हो! व्हर्जन वेगळं आहे!"

"कोणाचं? नानांचं?"

शेवटी नानांनीच माइक हातात घेतला. मी टेबलाखाली जागा शोधत होतो.

"मंडळी," नाना माझ्याकडे बोट दाखवत सावकाश म्हणाले, "मी त्रास नै शे. मना त्रास तठे कॉम्प्युटरपुढे बसेल शे!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. आणि सगळ्यात आधी उभं राहून टाळ्या कोण वाजवत होतं? वैशाली!