सळई जिथं गेली नाही

आमच्या कुरुंद्याच्या मारुतीवर मी रागावलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. तो राग अजून पुरता गेलेला नाही. असे अनुभव सांगताना माणसं गहिवरतात. माझा घसा मात्र कोरडाच राहतो.

लघवीची तकलीफ सुरू झाली, रक्तातला पीएसए वाढलेला निघाला, म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी प्रोस्टेट ग्रंथीत सुया घालून तुकडे काढले, बायोप्सी केली. निकालाआधी मी मारुतीला नवस बोललो, की रिपोर्ट साफ आला तर गावाला भंडारा घालीन. रिपोर्टात कॅन्सर नव्हता. डॉक्टर म्हणाले, "सुया जिथे गेल्या तिथे काही सापडलं नाही. पीएसए वाढत राहिला तर एमआरआय करू." यातलं "काही सापडलं नाही" एवढंच मी घरी आणलं. पंधरा दिवसांत भंडारा घातला. गाव जेवून गेलं, आणि मी पंगतीतून बुंदी वाढत मारुतीची थोरवी सांगत फिरलो.

तीन महिन्यांनी पीएसए आणखी चढला. डॉक्टरांनी दिलेली एमआरआयची चिठ्ठी मी देवघरातल्या पाटाखाली सरकवली. नवस फेडल्यावर पुन्हा तपासायला जाणं म्हणजे देवालाच खोटं पाडणं, असं मी स्वतःला समजावलं. खरी भीती लोकांची होती. भंडारा वाया गेला, असं कुणी म्हणालं तर तोंड कुठं लपवायचं? बायको एकदा म्हणाली, "काहून जात न्हाई तुमी? देवानं जाऊ नका म्हणलं का?" मी तिच्यावर असा खेकसलो की तिनं तो विषय सोडला. अर्धं वर्ष तसंच गेलं.

मग हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात गेलो. खरेदीदारानं पोत्यात पोकळ सळई खुपसली, बाहेर आलेली हळद मोडून रंग पाहिला आणि मान डोलावली. पोतं उचलायला आलेला हमाल माझ्याच वयाचा, मिशा पिकलेला. त्यानं पोत्याला हात लावला आणि थांबला.

"बुडाला ओल हाय, भाऊ."

"आत्ताच सळई घालून बघितलं की," मी म्हणालो. "माल चोख हाय."

"सळई गेली तिथला चोख हाय. जिथं गेलीच न्हाई, तिथलं तुमी काहून सांगून राहिले?"

त्यानं पोतं उलटं केलं. तळाची हळद काळी पडून बुरशीनं चिकटली होती. घरी ओल्या फरशीवर मीच ते उभं केलं होतं. चारचौघांत मान खाली गेली, पण कानात घुमत होतं ते डॉक्टरांचं वाक्य, या वेळी अख्खं: सुया जिथे गेल्या तिथे. तिथंच एका पोत्यावर बसलो.

दुसऱ्या दिवशी पाटाखालची चिठ्ठी काढली. एमआरआयमध्ये ग्रंथीच्या पुढच्या अंगाला संशयाचा डाग दिसला. तेवढ्यानं कॅन्सर ठरत नाही, म्हणून त्याच जागेवर नेम धरून पुन्हा सुया घातल्या. या वेळी कॅन्सर सापडला, ग्रंथीच्या आवरणाबाहेर थोडा सरकलेला. "आधी आलो असतो तर?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आतच सापडला असता कदाचित. नक्की सांगता येत नाही." हे 'कदाचित' मला जन्मभर चावत राहणार आहे. रेडिएशनच्या शेकाचे दिवस संपले. हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत. अंगातून गरम वाफा निघतात, चिडचिड होते, आणि ती पुन्हा बायकोलाच सोसावी लागते.

परवा मारुतीचा प्रसाद घेऊन त्या हमालाला शोधत गेलो. सगळं सांगितलं. "दिवसभर पोतीच उचलतो, भाऊ. तुमचं कोणतं, ध्यानात न्हाई." हात धोतराला पुसून त्यानं प्रसाद कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि पुढच्या पोत्याला हात घातला.

परतताना देवळात गेलो. रागातच हात जोडले. त्यानं माणूस पाठवला, हे मी मानतो. पण त्याच्याआधी डॉक्टर पाठवला होता, बायको पाठवली होती, तेव्हा मी बुंदी वाढत होतो. आता नवस बोलत नाही. दर तपासणीआधी एवढंच म्हणतो, बाबा, जे असेल ते दिसू दे. मग रिपोर्ट बायकोच्या हातात देतो. ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचते आणि मी मधे बोलत नाही.