गाडीची उन्हाळ्याची तयारी, काकाशिवाय

आमच्या घरी चारचौघं जमली की गाडीचे किस्से निघतातच. एकाचा संपायच्या आत दुसऱ्याला दुसरा आठवतो. मी फारशी बोलत नाही, नुसती ऐकते, त्यामुळे माझ्याकडे सगळ्यांचे साठले आहेत. या वर्षीचे मात्र अजून कोणी मोठ्याने सांगत नाही. म्हणून मीच लिहितेय.

गाडी माझ्या काकाची, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची. काका डिसेंबरमध्ये गेला. तेव्हापासून गाडी अंधेरीच्या आमच्या बिल्डिंगखाली नुसतीच उभी होती. बाबा म्हणाले, विकून टाकू. काकी म्हणाली, "मे महिन्यात गावाला तीच न्यायची. मी चालवीन." काकीकडे लायसन्स होतं, पण तिला गाडी चालवताना कोणीच पाहिलं नव्हतं! शेवटी ठरलं की गाडी भर उन्हात नीट चालली तर कुडाळला न्यायची, नाहीतर विकायची.

*

होळी झाली की काका गाडीची उन्हाळ्याची तयारी करायचा. कूलंट, बॅटरी, टायरची हवा, एसीचा गॅस, सगळं स्वतः बघायचा. बाकीच्यांनी फक्त धरायचं. बाबा फडकं धरायचे. दुसऱ्या मजल्यावरचे सावंतकाका टॉर्च धरायचे, तोही सकाळी अकराच्या उन्हात!

या वर्षी दोघं फडकं आणि टॉर्च घेऊन खाली गेले आणि गाडीपाशी उभे राहिले.

"आता?" सावंतकाकांनी विचारलं.

"बॉनेट उघडायचं," असं म्हणून बाबांनी सीटखालचा खटका ओढला. मागे पेट्रोलचं झाकण उघडलं!

"झकास," सावंतकाका म्हणाले. "आता बॉनेटसाठी डिकी ओढून बघूया."

दोघं थोडे हसले. टॉर्च चालूच होता.

*

कूलंटचा किस्सा तर विचारूच नका. काका त्याचा कॅन गॅलरीत ठेवायचा. लाल रंगाचं कूलंट. त्याच गॅलरीत काकीच्या आगळाच्या बाटल्या. कोकमाचं आगळही लाल. बाबांनी घाईत बाटली उचलली आणि गाडीत ओतली!

मग गाडी साकीनाक्याच्या मेकॅनिककडे न्यावी लागली. त्याने टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला, बाबांकडे बघितलं.

"साब, गाडी को ॲसिडिटी थी क्या?"

त्याने सगळं धुऊन नवीन कूलंट भरलं, बॅटरी बदलली, एसीही करून दिला. घरी आल्यावर बाबांनी हे सांगितलं तेव्हा आई हसली, मी हसले, काकीसुद्धा हसली. पण त्या हसण्यात कुठेतरी काकाचा मोठा आवाज कमी पडला. सगळ्यांना एकदमच ते कळलं.

*

आमच्या आवारात सावली एकाच बदामाच्या झाडाची. काका घरी असला की सावली सरकेल तशी गाडी सरकवायचा. "सीट तापली की दहा मिनिटं एसी वाया," म्हणायचा.

एप्रिलमध्ये एके संध्याकाळी बाबा घाबरून वर आले. "गाडी सकाळी भिंतीजवळ होती, आता गेटजवळ आहे! हँडब्रेक धरत नाही बहुतेक."

दुसऱ्या दिवशी सावंतकाकांनी चाकांना विटा लावल्या. संध्याकाळी विटा भिंतीशी नीट रचलेल्या होत्या आणि गाडी पुन्हा गेटजवळ.

सावंतकाका हळूच म्हणाले, "तुझा दादाच येऊन सरकवतो की काय रे?"

बाबा यावर हसले नाहीत.

मला शाळेला सुट्टी होती. रोज दुपारी काकी चपला न वाजवता खाली जाते आणि थोडी थोडी करून गाडी सावलीत घेते, हे मी खिडकीतून बघत होते. पहिल्या दिवशी तिला तेवढ्यासाठी फार वेळ लागला होता. मी कोणाला काही बोलले नाही.

*

तरी बाबांनी बोरिवलीहून एका माणसाला गाडी बघायला बोलावलंच. काकी आधीच गाडीत जाऊन बसली होती. त्या माणसाने एसी लावला, हात पुढे धरला.

"अहो, ही तर गरम हवा येतेय!"

"येणारच," काकी म्हणाली. "इंजिनपण तापतं. मागे एकदा धूर आला होता."

"वहिनी, एसी तर आत्ताच करून आणला ना!" बाबा म्हणाले.

"मग बिघडला असेल परत."

माणूस गेला. काकीने पुढे होऊन एसीचं बटण लालवरून निळ्यावर फिरवलं, काच वर केली आणि तशीच गारव्यात बसून राहिली. बाबा काचेबाहेर उभे होते. उन्हात.

*

शेवटी भर दुपारी आरे कॉलनीतून एक फेरी मारायचं ठरलं. इंजिनच्या तापमानाचा काटा वर गेला नाही तर गाव, गेला तर विक्री.

काकी दोन उशा घेऊन खाली आली.

"वहिनी, गाडी चालवायला चाललोय, झोपायला नाही," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्यासाठी सीट आधीच पुढे घेऊन ठेवली होती. काका सहा फूट होता, काकी माझ्या खांद्याला लागते.

काकी बसली. तिने खालचा दांडा ओढला आणि सीट पार मागे, काका ठेवायचा तिथे ढकलली, खट आवाज होईपर्यंत. मग दोन्ही उशा पाठीला लावल्या. मी तिच्या मागेच बसले होते. माझे गुडघे दाबले गेले.

"तुला अडचण होतेय का गं?" काकीने विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"अहो, सीट पुढे घ्या ना," बाबा म्हणाले. "या उन्हात पाठीला कापूस? भिजून जाल."

"भिजू दे."

आम्ही आरेतून जाऊन आलो. एसी गार होता, तरी खिडकीतून ऊन थेट तिच्यावर येत होतं. काटा मध्यावरून हलला नाही. काकी उतरली तेव्हा तिची पाठ ओलीचिंब झाली होती. ती जिना चढून गेली.

बाबा गाडीपाशी थांबले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून वाकले, सीटच्या दांड्याला हात घातला आणि तसाच काढून घेतला. मग दोन्ही उशा बाहेर आणून बॉनेटवर उन्हात मांडल्या.

"उचलू नकोस," ते मला म्हणाले. "वाळू देत. शनिवारी गावाला जाताना लागतील."