साडेसातची रेघ

संध्याकाळी सहा ते दहा या वेळात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे जितका अंधार असतो, तितका अख्ख्या पुण्यात कुठे नसेल. वीज कंपनीने योजना काढली, या चार तासांत वीज कमी वापरा, बक्षीस मिळवा. मार्केट यार्डामागच्या आमच्या सोसायटीतली बाकीची माणसं एखादा दिवा मालवून मोकळी झाली. काका मात्र सहाच्या ठोक्याला मेन स्विचच खाली ओढतात. फ्रिजसुद्धा बंद! आपण दारात उभं राहिलो की काळोखातून आवाज येतो, "बोलत राहा, म्हणजे कुठे आहात ते कळेल." चहा मात्र थेंब न सांडता हातात येतो. एकदा मी चाचपडत खुर्चीत टेकणार, तोच म्हणाले, "अहो, तिथे नको. तिथे ही बसते." काकूंना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. मी बाई उभ्यानेच चहा संपवला.

या चार तासांत महिनाभर वीज अजिबात न वापरणाऱ्या घराला पहिला नंबर मिळणार होता आणि तो काकांना हवाच होता. "जन्मात कशात पहिला आलो नाही हो," म्हणायचे. पण मोबाइलवर वापराचा आलेख दिसतो ना, त्यात सगळं सपाट आणि रोज बरोबर साडेसातला एक रेघ वर! दहा मिनिटं, की पुन्हा सपाट. त्यांनी आधी माझ्यावरच संशय घेतला. "तुमची वायर आमच्या मीटरला नाही ना?"

"तुमच्या विजेवर मी काय पापड भाजू, काका?" मी म्हटलं आणि त्यांचा मेन स्विच खालीच आहे हे स्वतःच्या हाताने चाचपून त्यांना खाली पार्किंगमध्ये मीटरपाशी नेलं. साडेसात झाले. त्यांच्या मीटरवरचा लाल ठिपका भराभर लुकलुकायला लागला.

काका हळूच म्हणाले, "एवढा भार इस्त्रीचाच. ही साडेसातला माझा शर्ट करायची. रिटायर झालो तरी. योजना आली तेव्हा मी ओरडलो, दहानंतर कर म्हणून. ऐकेना, तर इस्त्रीच भंगारात दिली. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. मग महिन्याभरात गेलीच."

पण मीटर बिघडल्याची तक्रार त्यांनी वीज कंपनीकडे आधीच केलेली होती. चार दिवसांनी माणूस नवा मीटर घेऊन आला. "फॉल्टी आहे काका. बदलला की रेघ गेली, नंबर तुमचाच." काका त्या जुन्या मीटरला पाठ लावून उभे राहिले. "मीटर बरोबर आहे. तक्रार माझी चुकली." तसं लिहून, खाली सही करून दिली. पहिला नंबर तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला गेला. घरात फ्रिजच नाही, दोघंही हिंजवडीला नोकरीला, दहाच्या आत घरी येतच नाहीत!

साडेसातला मी आता वर जात नाही. काल मात्र गच्चीवरचे कपडे काढून उतरताना त्यांचं दार लोटलेलं दिसलं. आत मिट्ट काळोख. काका कुणाला तरी म्हणत होते, "कर तू, सावकाश कर. आता कोण ओरडतंय?" मला रडूच आलं. चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता खाली आले.