कॅम्प तीनचा ओरिजिनल

नव्वदच्या दशकात मला जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट जमवायचं वेड होतं. रणगाड्यांचा एक गेम कंपनीने बंद केला होता आणि मला तो ओरिजिनलच हवा होता. शोधत शोधत अंबरनाथहून उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका सिंधी काकांच्या दुकानात पोचलो. बंद पडलेल्या गेमच्या कॉपी काढून ते विकायचे.

काकांनी कपाटातून ओरिजिनल कॅसेट काढली, फुंकर मारली, मला डोळे भरून बघू दिली आणि परत आत ठेवली.

"काका, हीच द्या ना!"

"साईं, ही तुला दिली तर मी कॉपी कशावरून काढू?" ते मिशीतल्या मिशीत हसले.

हिरमुसून मी कॉपी घेतली. घरी येऊन पाहिलं, तर तिच्यावर ऐटीत छापलेलं होतं: 'नक्कालों से सावधान!'