वडाप भरेपर्यंत

सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून राहिलं की किस्से आपोआप साठतात. वेल्ह्यातले माझे निम्मे किस्से चहाला हसत सांगण्यासारखे आहेत. पासली गावच्या नामदेवचा तसा नाही. तरी लोक त्यालाच जास्त हसतात, डोकंच फिरतं माझं.

नामदेव शेळ्या राखायचा. नवीन लग्न, आणि रक्तात सिकलसेल. पहिल्यांदा आला तेव्हा मांडीवर टॉवेल घेऊन बाकावर बसून राहिला. विचारलं तर म्हणे, "पोटात दुखतंय, सिस्टर." तपासायला झोपेना. शेवटी डॉक्टरांनी मला बाहेर काढलं, तेव्हा तो बोलला. पहाटेपासून लिंग ताठ होतं, उतरतच नव्हतं, कळांनी जीव चालला होता. सुईनं साकळलेलं रक्त काढलं, इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठं उतरलं.

त्याआधी तो मेडिकलवाल्याकडे जाऊन आला होता. तो शहाणा म्हणाला, "लोक ह्याच्यासाठी गोळ्या मागत्यात, आन् तू रडतोस व्हय?"

डॉक्टरांनी त्याला समजावलं, "तुझ्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, फुटतात. रक्तवाहिन्यांची उघडझाप सांभाळणारा एक वायू असतो, तो मग कमी पडतो. आत शिरलेलं रक्त बाहेर निघत नाही."

"म्हंजी शेरडं आत गेली आन् कवाड अडाकलं."

"बरोबर. पुन्हा झालं तर चार तासांच्या आत ये. उशीर झाला तर आतलं मरतं. मग दुखायचंही थांबतं, आणि ताठ व्हायचंही."

पुन्हा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी लागू पडली होती. पण कुणीतरी सांगितलं, ह्या गोळीनं मूल लांबतं. ते अगदीच खोटं नव्हतं. आम्हाला विचारलं असतं तर काही मार्ग काढला असता. त्यानं गुपचूप बंद केली. घरात आई सुनेच्या पोटाकडे डोळे लावून बसलेली, त्याला तरी काय बोलायचं?

मग पुन्हा तेच झालं. सकाळीच वडापच्या जीपमध्ये येऊन बसला. जीप भरल्याशिवाय हलत नाही. शेजारी नेमके चुलतसासरे. ड्रायव्हरनं विचारलं, "घाई हाय का रं?"

"न्हाई. पोट दुखतंय जरा. भरू द्या."

दुपारी पोचला. आम्ही पुण्याला धाडला, पण फार उशीर झाला होता. तो ड्रायव्हर मला अजून म्हणतो, "येका शब्दानं बोलला असता तर मोकळी गाडी पळवली असती."

पुढच्या महिन्यात आई घरचा तांदूळ घेऊन आली. मागं नामदेव, खाली मान घालून.

"सिस्टर, तुमचे लई उपकार. येकदा बी दुखलं न्हाई त्येला. पार थांबलं बगा." पिशवी माझ्या हातात देऊन ती कानाशी आली. "आता तरी सूनबाईला दिवस जातील न्हवं?"

मी नामदेवकडे पाहिलं.

"चल आये," तो म्हणाला, "गाडी भरत आली."