दुबईतल्या गोदामात तीस सेकंदांची शिक्षा

अकरा वर्षांपूर्वीच्या एका सकाळी मी एक फॉर्म फाडला.

तेव्हा आम्ही सुरतेत कतारगामला राहायचो. मी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये रात्रपाळी करून नुकताच घरी आलो होतो. मुलगी प्रज्ञा शाळेत गेली होती. तिचे स्केटिंगचे सर मोटारसायकल गल्लीतच उभी करून आले आणि माझ्या हातात कागद देऊन म्हणाले, "भाई, यादीमां पहेलुं नाम तमारी दीकरीनुं छे. सही करी आपो." यादीत पहिलं नाव प्रज्ञाचं होतं. राज्याच्या संघातून स्पर्धेला बाहेरगावी जायचं होतं, आठ दिवस. मी त्यांना सांगितलं की दहावीचं वर्ष आहे, पोरीलाच जायचं नाही. सर कागद माझ्याकडेच ठेवून गेले. कागदाचे चार तुकडे करून मी ते गटारीत टाकले. दुपारी प्रज्ञाने दारातूनच विचारलं, "पप्पा, यादी लागली का?" मी म्हणालो, "लागली. तुझं नाव नाही."

कारणं माझ्याकडे होती. तंग कपडे, परगावचा मुक्काम, गावाकडचे नातेवाईक काय म्हणतील ही धास्ती. आम्ही धुळे जिल्ह्यातले. मी गावच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस, पोर चाकांवर पळते हे आईला फोनवर सांगायचीसुद्धा मला लाज वाटायची. प्रज्ञाने त्या महिन्यात स्केट्स गोणीत बांधून ठेवले आणि पुन्हा सोडले नाहीत.

आता ती सव्वीस वर्षांची आहे. दुबईत एका लॅबमध्ये तपासनीस आहे. गेल्या वर्षी तिने फोनवर सांगितलं की मी परत चाकांवर चढले आहे, खेळाचं नाव रोलर डर्बी. त्या दिवशी मी बायकोला, मंगलाला, फॉर्मची गोष्ट प्रथमच सांगितली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर एवढंच म्हणाली, "तिले सांगा." फोनवर जमेना, म्हणून जायचं ठरवलं. प्रवासाचं खरं कारण हे. बाकी दुबई सगळे बघतात तशी मीही बघितली.

जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी लिहितो. मुलगा-मुलगी तिकडे नोकरीला असेल तर व्हिसा तेच ऑनलाइन काढू शकतात. सुरतहून शारजाला थेट विमान मिळतं, मुंबईला जायची गरज नाही. शारजाहून दुबईला मात्र मेट्रो नाही. बस किंवा टॅक्सी करावी आणि संध्याकाळची वेळ टाळावी, नाहीतर एवढ्याशा अंतराला दोन तास जातात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खसखस नेऊ नका. तिकडे ती अमली पदार्थात धरतात. आमच्या काळ्या मसाल्यात खसखस असते. प्रज्ञाने आठवण करून दिली म्हणून मंगलाने भरलेली बरणी उघडून मसाला परत डब्यात ओतला आणि तिच्या जागी शेंगदाण्याची चटणी भरली. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ आणि सुरतची नानखटाई.

निघताना मंगला दारात म्हणाली, "जाई ऱ्हायनात ते सांगीसन या." सांगूनच या, नाहीतर येऊ नका, असा तिचा सूर होता.

पहिले दोन दिवस फिरण्यात गेले. मेट्रोचा दिवसाचा पास काढला तर स्वस्त पडतं. आत खाल्लं, च्युइंगगम चघळला तरी दंड. मी एका डब्यात बरी जागा दिसली म्हणून उभा राहिलो, तर प्रज्ञाने दंडाला धरून ओढलं.

"पप्पा, खाली बघा. गुलाबी रेघ."

"मग?"

"बायकांचा डबा आहे. दंड तुमचा, शरम माझी."

खाडी ओलांडायला लाकडी होड्या आहेत, एका दिरहमात पलीकडे. गार वाऱ्यात दहा मिनिटं बसायला मिळतं. तिथे सांगावं म्हणून मी घसा खाकरला. ती मोबाइलवर आईला होडी दाखवत होती, हसत होती. मला वाटलं, चांगला दिवस कशाला नासवायचा. फॉर्म फाडला त्या सकाळीही मी स्वतःला काहीतरी असंच सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, डर्बीचा सराव होता. अल कूझ नावाचा गोदामांचा भाग आहे, मेट्रोतून उतरून पुढे टॅक्सी लागते. बाहेरून टायरचं गोदाम वाटावं, आत थंडगार हॉल आणि जमिनीवर दोरी चिकटवून केलेलं लांबट वर्तुळ. त्या दिवशी तीन संघ एकत्र होते. प्रज्ञाचा, अबुधाबीचा आणि बैरूतहून आलेल्या पाचसहा जणी. या खेळात ही रीत आहे म्हणे. परगावी गेलात तर तिथल्या संघाला आधी निरोप टाकायचा आणि सरावाला जाऊन उभं राहायचं. तुम्ही कुठल्या, कशा खेळता, कोणी विचारत नाही. दातांचं कवच मात्र स्वतःचं न्यावं लागतं. नवख्यांना उसने स्केट्स देतात आणि पहिल्या दिवशी फक्त पडायचं कसं ते शिकवतात.

खेळात चेंडू नाही. दोन्हीकडे पाच पाच जणी. एकीच्या टोपीवर चांदणी असते, तिने समोरच्यांना ओलांडून पुढे जायचं, जितक्या ओलांडल्या तितके गुण. बाकीच्यांनी खांद्याने, कमरेने तिला अडवायचं. आपल्या कबड्डीला चाकं लावली तर असं काही होईल. कोपर मारलं, पाठीत ढकललं तर पंच शिट्टी मारतात आणि त्या मुलीने तीस सेकंद बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसायचं.

त्या खुर्च्यांवर वेळ मोजणारी बाई आली नव्हती. सराव घेणारी जॉय म्हणून एक फिलिपिनो बाई होती, माझ्याच वयाची. तिने प्रज्ञाला काही विचारलं आणि प्रज्ञा माझ्याकडे वळली.

"पप्पा, स्टॉपवॉच चालवाल?"

"मिलमध्ये दुसरं काय करतो? कापड रंगात किती वेळ ठेवायचं ते घड्याळावरच असतं."

"मग बसा. वीस सेकंद झाले की म्हणायचं स्टँड. तीस झाले की डन. तोवर कोणी रडलं तरी सोडायचं नाही."

मी बसलो. पहिल्यांदा आली ती लाहोरची सना. घाम पुसत म्हणाली, "अंकल, जल्दी गिनिए ना." मी म्हणालो, "बेटा, घड़ी मेरी नहीं सुनती." ती हसली आणि गप्प बसली. मला नवल वाटलं ते याचं की कोणी पंचाशी हुज्जत घालत नव्हतं. शिट्टी वाजली, आपला नंबर ऐकला की मुलगी सरळ खुर्चीकडे यायची. वेळ संपला की तशीच परत जायची. तिच्या संघातलं कोणी तिच्याकडे वाकडं बघत नव्हतं.

मधेच बैरूतची एक मुलगी जोरात आपटली. शिट्टी झाली आणि हॉलमधल्या सगळ्या जणी एकदम एका गुडघ्यावर बसल्या. मला वाटलं, तिच्यासाठी प्रार्थना चालू आहे. मीही खुर्चीवरून उतरून गुडघा टेकला, हात जोडले आणि मनात त्रिशरण म्हणू लागलो. मुलगी उठली, टाळ्या वाजल्या. प्रज्ञा जवळून जाता जाता म्हणाली, "पप्पा, प्रार्थना नाही ती. कोणी पडलं की सगळ्यांनी थांबायचं, एवढंच." मी हात खाली घेतले, पण म्हटलेलं वाया गेलं असं वाटलं नाही.

मग प्रज्ञाचा नंबर पुकारला. तिने कोणाला पाठीत ढकललं होतं. ती आली आणि माझ्यासमोर बसली. दोन दिवस बरोबर फिरलो, पण इतक्या जवळून मी तिला आत्ता बघत होतो. चेहरा लाल, दंडावर जुना काळा-निळा डाग. पलीकडे तिच्या संघात एक जण कमी होती आणि गुण जात होते. घड्याळात बावीस झाले होते. मी म्हणालो, "डन."

ती उठली, अर्धं पाऊल टाकलं आणि परत बसली.

"आठ राहिलेत, पप्पा."

"जा ना. कोण बघतंय."

"मी मोजते ना मनात."

ते आठ सेकंद ती पुढे बघत बसली आणि मी घड्याळाकडे. तिसाचे चौतीस झाले. ती माझ्याकडे वळून बघायला लागली तेव्हा कुठे मी डन म्हणालो.

सरावानंतर करामा भागात जेवायला गेलो. तिथे आपल्याकडची थाळी मिळते, पोटभर आणि रास्त. सना बरोबर होती. प्रज्ञा तिला म्हणाली, "मेरे पापा कभी झूठ नहीं बोलते. आज पहली बार बोले, वो भी आठ सेकंड का." सना म्हणाली, "इतना तो अल्लाह भी माफ़ कर देगा, अंकल." दोघी हसत होत्या. मी वरणभात कालवत राहिलो.

मग प्रज्ञा मला मराठीत म्हणाली, "सुरतला माझं नाव आलं नाही ना, तेव्हा वाटलं की आपल्यात तेवढं नसेलच. कॉलेजातपण मी कशात भाग घेतला नाही. इथे बरं आहे. कोणी निवडतच नाही."

याहून सरळ वाट मला कोणी करून दिली नसती. मी म्हणालो, "ताक मागवू का अजून?"

पाचव्या दिवशी परतलो. सुरतच्या विमानतळावर मंगला घ्यायला आली होती. माझ्या तोंडाकडे बघून तिने काय ते ओळखलं, पिशवी हातात घेतली आणि रिक्षाकडे चालू लागली. आता आम्ही राहतो त्या कडोदऱ्यापर्यंत आम्ही दोघं रस्त्यावरचे ट्रक बघत होतो.

मी रोज सकाळी अंघोळ झाल्यावर पंचशील म्हणतो. लहानपणी गावच्या विहारात पाठ केलं, ते अजून सुटलेलं नाही. चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. अकरा वर्षं ते मी बाकीच्या चारांसारखंच म्हणत आलो, एका दमात. परत आल्यापासून तिथे येऊन थांबायला लागलो. दोन सकाळी तर पुढे गेलोच नाही, उदबत्ती तशीच जळून गेली.

मग मी हा लेख लिहायला घेतला. बेत असा होता की प्रवास लिहायचा, त्यातच फॉर्मची हकीकत घालायची आणि लेख प्रज्ञाला पाठवून द्यायचा. ती वाचेल, मला समोर असावं लागणार नाही. मोबाइलवर बरंच लिहून झालं तेव्हा मंगलाला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पोरले कागद वाचाले लावशात का? तुम्ही कागदच फाडेल ना तिना?"

मी मोबाइल बाजूला ठेवला. मिलमध्ये कापड एकदा फिका रंग घेऊन बाहेर आलं की ते परत रंगात घालता येतं, पण पहिल्यासारखं कधी होत नाही. तरी रंगमास्तर ते घालतात, कारण तसं पाठवलं तर पुढच्या माणसाची फसवणूक होते. यापेक्षा मोठा विचार मला सुचला नाही.

रविवारी सकाळी साडेनऊला मी गच्चीत गेलो. तिकडे आठ वाजले होते. प्रज्ञाला फोन लावला, दुसऱ्या रिंगला तिने उचलला.

"पप्पा? इतक्या सकाळी? मम्मी बरी आहे ना?"

"बरी आहे. प्रज्ञा, तुझं नाव आलं होतं."

"कशात?"

"सुरतेत. स्केटिंगच्या यादीत. सर घरी फॉर्म घेऊन आले होते. मी तो फाडला. त्यांना सांगितलं की तुलाच जायचं नाही, आणि तुला सांगितलं की नाव नाही."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं फोन कट झाला, मी कानापासून काढून बघितलं. चालू होता.

"कितवं होतं?" तिने विचारलं.

"पहिलं."

"पहिलं?"

"हो. यादीत सगळ्यात वर."

ती रडते आहे हे मला उशिरा कळलं, कारण ती अगदी हळू रडत होती. मी माफ कर म्हणालो नाही. ते तिच्यावर ओझं टाकण्यासारखं झालं असतं. तिनेच नाक ओढलं आणि म्हणाली, "थांबू नका. सर आले तिथपासून सगळं सांगा."

मी गच्चीच्या कठड्याला धरून उभा राहिलो आणि काही न गाळता तिला सगळं सांगितलं.